समासातला मार

जनकाबाईंना डाव्या कानानं ऐकू येत नाही. पंचवीस वर्षांपूर्वी नवऱ्यानं, कडूबानं, कानाखाली मारली आणि पडदा फाटला. कडूबा नांदुऱ्याच्या धान्यबाजारात हमाल होता. पोती ओढायचा लोखंडी हूक तो घरीसुद्धा कमरेला लावून फिरायचा. मारायचा मात्र हातानं किंवा लाथेनं, हूक नुसता दाखवायचा. एका सकाळी भाकरीला उशीर झाला म्हणून त्यानं तो खरंच उगारला. जनकाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. त्यांनी बसल्या जागी त्याचं मनगट धरून पिरगाळलं. हूक त्याच्याच दुसऱ्या हाताच्या तळव्यातून आरपार गेला.

"वरडला नाही तो," त्या सांगतात. "पायतच राह्यला हाताकडे. मंग उठून गेला. अकोल्याले कोनासंगं राह्यला म्हनतात. मी काही पाहाले गेली नाही."

मी प्रेरणा, चिखलीची. नांदुऱ्याला 'दुसरं घर' नावाचं आमचं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. दुकान म्हणजे बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या बाजूचं पत्र्याचं गोदाम. विक्री सगळी ऑनलाइन. पुस्तकं रद्दीवाल्यांकडून आणि लोकांच्या घरांतून येतात. आम्ही ती पुसतो, शिवतो, फोटो काढून वेबसाइटवर टाकतो आणि पार्सलं रेल्वेनं नाहीतर पोस्टानं जातात. कमाईचा एक हिस्सा गावोगावच्या वाचनपेट्यांना जातो. पत्र्याच्या पेटीत साठ पुस्तकं भरून ती गावातल्या एखाद्या बाईच्या घरी ठेवायची, तीन महिन्यांनी बदलायची. कामाला सगळ्या बाया, त्यातही ज्यांना दुसरीकडे कोणी काम देत नाही अशा. ही सगळी कल्पना रामभाऊंची. ते पुण्यातली नोकरी सोडून इथं परत आले होते.

जनकाबाई रामभाऊंना इंद्रभान भंगारवाल्याच्या वखारीत सापडल्या. त्या तिथं रद्दी निवडायच्या. रामभाऊ तराजूजवळ उभे असताना त्यांना एक पोतं वेगळं दिसलं. विचारलं तर जनकाबाई म्हणाल्या, की ते किलोनं द्यायचं नाही, ती पुस्तकं आहेत. शाळा त्यांनी सातवीत सोडली होती. पण निवडता निवडता वाचायची सवय लागली होती, आणि इंद्रभान त्यासाठी रोज शिव्या घालायचा. आठवड्याभरात त्या आमच्याकडे आल्या.

ब्लॉगही त्यांच्यामुळेच सुरू झाला. जुन्या पुस्तकांत कायकाय निघतं: वाळलेली पानं, बसची तिकिटं, लग्नपत्रिका, कोणाच्या तरी औषधाची चिठ्ठी. जनकाबाई डब्याच्या सुट्टीत त्याच्या गोष्टी सांगायच्या. रामभाऊंनी एकदा ऐकलं आणि मला म्हणाले, की जशा सांगतात तशाच टाईप कर, एक शब्द बदलू नको. मग त्या बोलायच्या आणि मी टाईप करायची. वऱ्हाडीतला तो ब्लॉग पुण्या-नागपूरचे लोक वाचू लागले. कोणी कोणी म्हणे, आम्ही पुस्तकासाठी नाही, मावशीच्या लिखाणासाठी येतो. जनकाबाईंना ते आवडायचं. त्यांनी तसं कधी बोलून दाखवलं नाही, पण वाचकांची पत्रं आली की मला दोनदा वाचायला लावायच्या. उजवा कान माझ्याकडे करून ऐकायच्या.

हे चार वर्षं चाललं. पाचव्या वर्षी, फेब्रुवारीत, जळगाव जामोदकडून रद्दीचं एक पोतं आलं. त्यात नर्सिंगच्या कोर्सची सहा जाड पुस्तकं होती. पाच चांगली होती, त्यांवर कोणाचं नाव नव्हतं. सहाव्याचं पहिलं पान फाडलेलं होतं, आणि आत समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं. मला वाटलं, अभ्यासाच्या खुणा असतील. जनकाबाई उभ्या उभ्या पानं उलटत होत्या. थोड्या वेळानं त्या खाली बसल्या.

तारीख आणि पुढे एक-दोन शब्द, असं ते होतं. 'बेल्ट.' 'बेल्ट, पाठ.' 'चटका, डावी मांडी.' 'दोन दिवस पाणी नाही.' 'पोटात लाथ. रक्त गेलं.' एका पानावर, 'वास्तूच्या दिवशी, पाहुणे ओसरीत असताना. आवाज केला नाही.' मी मोजलं. त्रेचाळीस जागी लिहिलेलं होतं. सगळ्यात अलीकडची तारीख डिसेंबरची होती.

जनकाबाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. संध्याकाळच्या पार्सलांच्या आधी मला म्हणाल्या, बस आणि लिही. त्यांनी जे सांगितलं ते सगळं इथं देत नाही. सुरुवात अशी होती: "हे पुस्तक ज्या बाईचं हाय ते बाई आज जित्ती हाय का नाही, मले मालूम नाही. पर तिनं हिशोब ठेवला. मी माह्या नवऱ्याचा हिशोब नाही ठेवला, मी मुकी होती. ज्यानं हे केलं त्यानं हे वाचाव, आन् त्याले वाटाव का कोनतरी पाहून राह्यलं."

रामभाऊ अडखळले. म्हणाले, आधी त्या बाईला विचारायला हवं. पण विचारणार कुठं? नावाचं पान फाडलेलं, रद्दीवाल्याला घर आठवत नव्हतं, आणि कॉलेजच्या शिक्क्यावरून शेकडो मुलींतली एक कशी शोधणार? जनकाबाई म्हणाल्या, नाव नाही म्हणूनच तर लिहायचं, तिला काय होणार आहे? माझंही तेच मत पडलं. कॉलेजचा शिक्का मी फोटोत झाकला. पान मीच निवडलं, वास्तूच्या दिवसाचं, कारण ते वाचून अंगावर काटा आला होता. पोस्टचं बटन मी दाबलं.

दोन दिवसांत ती पोस्ट जिल्हाभर फिरली. नंतर कोणी फक्त फोटो कापून व्हॉट्सॲपवर टाकला. आम्ही खूश होतो, हे मला सांगायलाच हवं.

सहाव्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, गोदामापुढे एक जीप थांबली. आम्ही तिघीच होतो. मी कॉम्प्युटरवर, आमच्याकडं काम करणारी रूपाली पेटीत पुस्तकं भरत होती, जनकाबाई मागच्या रांगेत पाठमोऱ्या. रामभाऊ मलकापूरला गेले होते. उतरलेला माणूस तिशीचा, दाढी नीट कोरलेली, शर्ट इस्त्रीचा. त्याच्या हातात बोअरवेलचे पाइप आवळायचा लांब पाना होता. दुसऱ्या हातात डिझेलचा डबा.

"जनकाबाई कोन हाय?" त्यानं विचारलं.

मी उठले. काय काम आहे, असं काहीतरी म्हणाले. त्यानं पाना फिरवला आणि माझ्यासमोरचा कॉम्प्युटर फुटला. काच माझ्या हनुवटीत घुसली. रूपाली ओरडली. तो पहिल्या रांगेकडे गेला, पाना आणि डबा खाली ठेवून दोन्ही हातांनी कपाट ओढलं, आणि ते दुसऱ्या कपाटावर कोसळलं. पुस्तकांचा ढिगारा झाला. त्यावर तो डिझेल ओतू लागला.

जनकाबाई तिकडूनच येत होत्या, पण कपाट पडल्यावर त्या ढिगाकडे पाहत होत्या आणि तो त्यांच्या डाव्या बाजूला होता. मी ओरडले. आवाज कुठून आला ते त्यांना कळलं नाही. त्यानं पुन्हा उचललेला पाना त्यांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, ओल्या फांदीसारखा. त्या गुडघ्यावर आल्या.

तो त्यांच्यावर वाकला आणि अगदी सावकाश, समजावून सांगावं तसं बोलला. "तिचा लिव्हनारा हात उंबऱ्यावर ठेवून ठेचून आलो. आता तुह्या."

तेव्हा आम्हाला कळलं तो कोण ते.

त्यानं जनकाबाईंचा उजवा हात ओढून जमिनीवर धरला आणि त्यावर पाय ठेवला. त्यांचा डावा हात मोकळा होता. शेजारी तराजू पडला होता, पार्सलं तोलायचा, आणि त्याची मापं सांडली होती. त्यांनी पाच किलोचं लोखंडी माप उचललं. मोडलेल्या खांद्यानिशी ते कसं उचललं हे त्यांनाही सांगता येत नाही. त्याच्या गुडघ्यावर त्यांनी ते बाजूनं मारलं. तो पडला. मग त्यांनी पुन्हा मारलं, त्याच गुडघ्यावर. आणि तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मारताना तो पडलेलाच होता, पाना त्याच्या हातातून सुटला होता, आणि तो आई, आई म्हणत होता. मी आणि रूपालीनं मिळून जनकाबाईंच्या हातातून माप काढून घेतलं. चौथ्यांदा त्यांनी ते डोक्यावर उचललं होतं.

आम्ही त्याला पार्सलच्या चिकटपट्टीनं बांधलं. काडेपेटी त्याच्या खिशातच राहिली.

पोलीस आले तेव्हा जनकाबाईंनी दवाखान्यात जायला नकार दिला. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की आधी त्याच्या घरी गाडी पाठवा. हवालदारानं सांगितलं, की आम्ही बघतो. जनकाबाई पोलिसांच्या गाडीपुढे उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. शेवटी फोन झाला आणि जळगाव जामोदच्या बाजूनं दुसरी गाडी निघाली.

त्याचं नाव गोपाल. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात त्याचं घर होतं, बोअरवेलच्या दोन गाड्या होत्या. बायकोचं नाव काजल. पोलिसांना ती गोठ्यात सापडली, बाहेरून कडी लावलेली. उजवा हात तिनं ओढणीत गुंडाळला होता. तीन बोटं आणि तळव्याची दोन हाडं मोडली होती, आणि या गोष्टीला तोवर दीड दिवस झाला होता.

दोघींना एकाच सरकारी दवाखान्यात आणलं. तीन दिवसांनी, खांदा बांधलेल्या जनकाबाई काजलच्या खाटेपाशी गेल्या. मी सोबत होते. काजल सत्तावीस वर्षांची, बारीक, चेहऱ्यावर पिवळा पडलेला मार. जनकाबाईंनी आपलं नाव सांगितलं. त्यांना वाटत होतं, आणि मलाही, की ती रडेल, हात धरेल.

काजलनं सगळं शांतपणे सांगितलं. नर्सिंगचा कोर्स तिनं लग्नाआधी पुरा केला होता. नवरा वही तपासायचा, फोन तपासायचा, पण अभ्यासाचं पुस्तक कधी उघडायचा नाही. म्हणून तिनं तिथं लिहिलं. तिचा भाऊ फौजेत होता. त्याला तिनं सगळं कळवलं होतं, आणि तो सुट्टीवर आला की तिला घेऊन जाणार होता. पुस्तक सोबत घ्यायचं, वकिलाला दाखवायचं, असं ठरलेलं. मध्येच गोपालनं माळा साफ केला आणि तिची सगळी पुस्तकं रद्दीत घातली. पहिल्या पानावर तिचं माहेरचं आडनाव होतं, ते त्यानं तेवढं फाडून चुलीत टाकलं. आत काय लिहिलंय ते त्यानं पाहिलंच नाही. ती म्हणाली, गेलं तर गेलं, निदान त्याला कळलं नाही. मग त्याच्या फोनवर कोणीतरी फोटो पाठवला. अक्षर ओळखायला त्याला वेळ लागला असता, पण वास्तू त्याच्याच घराची होती.

"भावाले यायले बारा दिवस होते," काजल म्हणाली. "मी बोटावर मोजून राह्यली होती. तुमी बारा दिवस थांबल्या असत्या तं?"

जनकाबाई तिच्या बांधलेल्या हाताकडे पाहत होत्या.

"तुमाले माहं पुस्तक भेटलं. मी नाही भेटली तुमाले," काजल म्हणाली, आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

बाहेर व्हरांड्यात जनकाबाई बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, काढून टाक. मी फोनवरच पोस्ट काढली. तोवर ती हजारो ठिकाणी पोचली होती, काढून काही उपयोग नव्हता, पण काढली. वास्तूचं पान मी निवडलं होतं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांना ते माहीत होतं.

त्यानंतर लोक आले. चॅनलवाले आले, संस्था आल्या. रणरागिणी वगैरे शब्द छापून आले. मार्चमध्ये महिला दिनाला एका मंडळानं सत्कार ठेवला आणि रामभाऊंनी आग्रह केला म्हणून जनकाबाई गेल्या. शाल घातली, नारळ दिला, माईक दिला. त्या म्हणाल्या, "त्या पोरीचा हात माह्यापायी मोडला. तिले न इचारता लिवलं मी. शाल कायची देता मले?" शाल त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि खाली उतरल्या. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळलं नाही. काहींनी वाजवल्या.

खांदा जुळला, पण हात डोक्याच्या वर जाणं बंद झालं. दोन महिन्यांनी त्या कामावर परत आल्या. डिझेलनं खराब झालेली चारशे पुस्तकं आम्ही बाहेर काढली. ती जाळू नका, असं त्या म्हणाल्या, म्हणून खड्डा करून पुरली.

ब्लॉग त्यांनी सोडला नाही, पण एक गोष्ट बदलली. पुस्तकात कोणाचं काही निघालं, की आधी त्या माणसाला शोधायचं. त्यासाठी त्या स्वतः एसटीनं जातात. शेगावच्या एका म्हाताऱ्याच्या पुस्तकात त्याच्या मुलानं मरण्याआधी लिहिलेली चिठ्ठी निघाली होती. त्यानं ती हातात घेतली, घडी घातली आणि दार लावलं. त्याबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली नाही. एका बाईनं मात्र सांगितलं, की लिहा, माझं नाव घालून लिहा. ते लिहिलं. पूर्वी महिन्याला आठ लेख व्हायचे, आता एक, कधी एकही नाही. वाचक कमी झाले. रामभाऊ एकदा कुरकुरले, की वाचनपेट्या या ब्लॉगवर चालतात. जनकाबाई म्हणाल्या, मग पेट्या कमी पाठवा.

गोपालवर खटला चालला. काजलनं साक्ष दिली. डाव्या हातानं सही करायला ती शिकली होती. पुस्तक कोर्टात आलं, त्याची पानं एकेक करून वाचली गेली. वास्तूचं पान आलं तेव्हा गोपाल मान खाली घालून बसला होता, आणि त्याची आई कोर्टाबाहेर काजलला शिव्या देत होती. त्याला तीन वर्षांची शिक्षा झाली. अपील केलं, जामीन मिळाला. आता तो काठी घेऊन चालतो. एकदा तो आमच्या गोदामासमोरच्या चहाच्या टपरीवर येऊन बसला, नुसता बसला, गोदामाकडे पाहत. रूपालीनं शटर ओढायला घेतलं. जनकाबाई उठल्या, रस्ता ओलांडून टपरीवर गेल्या, चहा मागवला आणि त्याच्या समोरच्या बाकावर बसून पूर्ण प्याल्या. तो पुन्हा आला नाही. पण त्या आठवड्यात त्यांनी तराजूची मापं कुलपात ठेवायला लावली. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "त्याच्यासाठी नाही. माह्यासाठी."

त्याच्या गुडघ्याची उलट केस जनकाबाईंवर आहे. ती अजून चालू आहे. पहिले दोन वार स्वतःच्या बचावासाठी, तिसरा कशासाठी, असं त्याचा वकील विचारतो. आमच्या वकिलानं त्यांना सांगून ठेवलंय, की घाबरून मारलं असं म्हणा. जनकाबाईंनी त्याला सांगितलं, की घाबरलेली नव्हती, मारायचंच होतं. वकील डोक्याला हात लावतो.

काजल आता चिखलीला एका खासगी दवाखान्यात काम करते. सुई तिला धरता येत नाही, नोंदणीच्या टेबलावर बसते. तिचं एक बोट वाकडंच राहिलं. जनकाबाईंशी ती बोलत नाही. मी चिखलीला घरी गेले की कधी दिसते, मला ओळख देते, त्यांच्याबद्दल विचारत नाही.

गेल्या महिन्यात तारीख होती. आम्ही दोघी सकाळच्या बसनं गेलो. कोर्टाच्या व्हरांड्यात बाकं भरलेली होती, एकाच बाकाच्या टोकाला जागा होती, तिथं जनकाबाई बसल्या. अर्ध्या तासानं काजल आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, या केसमध्ये तिचं नाव साक्षीदारांत नाही. डबा घेऊन आली होती, दवाखान्यातून रजा टाकून. ती जनकाबाईंच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. बाकावरचा एक माणूस सरकला, तेव्हा बसली. मध्ये एक हात अंतर ठेवून.

दोघी समोर पाहत होत्या. एकदा जनकाबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. काजल म्हणाली, "काही बोलू नका. मी फक्त बसाले आली."

दुपारी पुकारा झाला. जनकाबाई उठल्या आणि तिच्याकडे न पाहता आत गेल्या. मागोमाग काजलही उठली आणि आत जाऊन मागच्या भिंतीपाशी उभी राहिली. आतल्या कारकुनानं सांगितलं, साहेब आज रजेवर आहेत. पुढची तारीख अकरा जुलै.

काजलनं ती तारीख तळहातावर पेनानं लिहून घेतली, डाव्या हातानं उजव्यावर, आणि चिखलीच्या बसकडे निघून गेली.